काबा व्ह्यू

हॉटेल बुकिंगच्या ॲपवर मक्का टाकलं की खोल्या तीन प्रकारांत समोर येतात. सिटी व्ह्यू, हरम व्ह्यू, काबा व्ह्यू. खोली बहुतेक वेळा सारखीच असते. पलंग तेवढाच, चहाची किटली तीच, बाथरूममधल्या शाम्पूच्या छोट्या बाटल्याही त्याच. खिडकीतून काय दिसतं एवढाच फरक, आणि त्या फरकाचे पैसे. हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी काम करतो तिथे आमची टीम हेच करते. कुठल्या जागेसाठी कुठल्या वेळी गिऱ्हाइकाकडून किती जास्त पैसे मागता येतील, याचा हिशेब दर काही मिनिटांनी करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. तेव्हा मला धक्का बसायचं काहीच कारण नव्हतं. तरी मिरजेच्या घरी, रात्री साडेबाराला, अम्मी आतल्या खोलीत झोपलेली असताना, त्या तीन पर्यायांवर माझा अंगठा बराच वेळ अडकून राहिला.

मी काबा व्ह्यू घेतला. दोन रात्रींसाठी. उरलेले सहा दिवस लांबच्या एका साध्या हॉटेलात.

उमराह करून परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? मी खजूर वाटले, फोटो दाखवले. पण जे डोक्यात घोळत होतं ते फोटोत दाखवता येत नव्हतं. ज्या जागेसमोर सगळी माणसं सारखी आहेत असं मला लहानपणापासून सांगितलंय, त्या जागेच्या जवळ असण्याला भाव लावणं बरोबर आहे का? आणि चूक असेल, तर तो भाव देणाऱ्या माझं काय?

आधी इमारतीबद्दल सांगतो. मक्केच्या हद्दीत मुस्लिमेतरांना जाता येत नाही, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ती समोरून बघता येणार नाही. (त्या नियमावर एक वेगळा लेख होईल. तो लिहायचं धाडस आज माझ्यात नाही.) तिचं नाव अबराज अल-बैत, म्हणजे 'घराचे मनोरे'. घर म्हणजे काबा. एकूण सात टॉवर. मधला घड्याळाचा मनोरा ६०१ मीटर उंच, जगातल्या सगळ्यात उंच इमारतींमध्ये चौथा. काम पूर्ण झालं २०१२ साली. वर चारही बाजूंना घड्याळं आहेत आणि तबकडीचा व्यास आहे ४३ मीटर. लंडनच्या प्रसिद्ध बिग बेनची तबकडी जेमतेम ७ मीटर भरते. खाली बऱ्याच मजल्यांचा मॉल, सुपरमार्केट, फूड कोर्ट, घड्याळं, अत्तरं, सोनं. मॉलच्या दारातून बाहेर पडलं की थेट हरमचं, म्हणजे काबा ज्या मशिदीच्या मधोमध आहे तिचं, संगमरवरी अंगण. मध्ये रस्तासुद्धा नाही.

आणि काबा? उंची साधारण १३ मीटर. घड्याळाच्या एका तबकडीत तीन काबे एकावर एक उभे राहतील. हे गणित मी ट्रेनमध्येच करून टाकलं. जेद्दाहून मक्केला जाणाऱ्या ट्रेनमधून उतरून शहरात शिरताना आधी ते घड्याळच दिसतं. काबा आत गेल्याशिवाय दिसत नाही. अम्मीने घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "हे आपलं का?" म्हणजे आपलं हॉटेल. मी हो म्हणालो आणि मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि लाजही वाटली. कुठली भावना आधी आली ते सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी तिथे उभं राहिल्यावरच कळते. काब्याभोवतीचे सात फेरे, म्हणजे तवाफ, घड्याळाच्या उलट दिशेने घालतात. लाखो माणसं खाली उलटी फिरतायत आणि वर ते प्रचंड काटे सुलटे फिरतायत. यात काही अर्थ आहे असं मला म्हणायचं नाही. पण एकदा लक्षात आलं की डोळा तिकडेच जातो.

समानतेचं आम्हाला कसं शिकवतात ते सांगतो. हज किंवा उमराहला पुरुष शिवण नसलेली दोन पांढरी कापडं अंगावर घेतात. त्याला एहराम म्हणतात. मंत्री असो की हमाल, कापड तेच. लहानपणी अब्बा हे सांगताना स्वतःच्या एसटीच्या खाकी युनिफॉर्मकडे बोट दाखवायचे. "तिथे हा पण नाही, कलेक्टरचा सूट पण नाही." अब्बा एसटीत कंडक्टर होते.

या समानतेचं सगळ्यात गाजलेलं वर्णन माल्कम एक्सचं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातला हा तडफदार नेता १९६४ साली हजला गेला. सगळ्या वर्णांची माणसं एका ताटात जेवताना, एका सतरंजीवर झोपताना बघून तो आतून हलला, आणि गोऱ्या माणसांबद्दलची आपली मतं बदलत असल्याचं त्याने पत्रांतून कळवलं. ती पत्रं मी कॉलेजात वाचली होती. तेव्हा एक तपशील माझ्या नजरेतून सुटला, जो त्याने स्वतःच आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलाय. जेद्दाच्या विमानतळावर अडकल्यावर त्याने एका मोठ्या घराण्याला फोन केला. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हॉटेलमधला स्वतःचा सूट त्याला राहायला दिला. पुढे राजपुत्र फैसल यांनी त्याला सरकारी पाहुणा केलं आणि दिमतीला गाडी दिली. समानतेवरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध पत्र लिहिणारा माणूस त्या गर्दीतला एक खास पाहुणा होता. मी हे त्याला खोटं ठरवायला सांगत नाही. त्याला जे दिसलं ते खरंच होतं. फक्त ते बघायला तो कुठून आला आणि रात्री झोपायला कुठे गेला, हेही तेवढंच खरं होतं.

म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याने असमानता आणली असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. मुळात हजच ऐपत असेल त्याच्यावर फर्ज आहे. ज्याच्याकडे जायचे पैसे नाहीत त्याला देव त्याबद्दल विचारणार नाही, अशी ही सवलत. दयाळू सवलत आहे. पण पैसा दारात उभा आहे हे ती आधीच मान्य करते.

अब्बांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी दोन रात्रींसाठी एवढे पैसे का घातले ते कळणार नाही.

भारतातून हजला जायचे ढोबळ मानाने दोन रस्ते आहेत. एक खाजगी टूरवाले, जे महाग असतात. दुसरी हज कमिटी. सौदी सरकार प्रत्येक देशाला कोटा ठरवून देतं आणि भारताचा अलीकडचा कोटा १,७५,०२५ आहे. अर्ज जास्त आले की कमिटी चिठ्ठ्या काढते, तिला आम्ही कुर्रा म्हणतो. अब्बांनी तीनदा अर्ज केला, तीनदा नाव आलं नाही. ते चिडले नाहीत. त्यांना ती पद्धत मनापासून पसंत होती. कंडक्टर असल्यामुळे जागावाटपाबद्दल त्यांची मतं ठाम होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ते कधीच मानायचे नाहीत. रुमाल उचलून मालकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "याचं तिकीट काढलंय का?" चिठ्ठीत रुमाल चालत नाही, वशिला चालत नाही, पैसा चालत नाही. ज्याचं नाव येईल त्याला बोलावणं आलं.

२०२० साली त्यांचं आणि अम्मीचं नाव आलं. पैसे भरले, मोजे घेतले, एहराम घेतला. मग कोरोना आला. त्या वर्षी सौदीत आधीपासून राहणाऱ्या मोजक्या लोकांनाच हज करता आला, बाहेरच्या कुणालाच नाही. पैसे परत मिळाले. पुढच्या वर्षीही बाहेरच्यांना बंदीच होती. अब्बा मे २०२१ मध्ये गेले. तो एहराम, न उघडलेला, त्याच पिशवीत कपाटात होता. या वर्षी तोच मी घातला.

तर आमच्या घरात जवळ जायच्या दोन पद्धती आहेत. अब्बांची चिठ्ठी, आणि माझं क्रेडिट कार्ड. चिठ्ठीने दिलं आणि काढून घेतलं. कार्डाने अकरा मिनिटांत दिलं.

मायकल वॉल्झर नावाचा एक अमेरिकन विचारवंत आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की समाजात काहींकडे जास्त पैसे असणं हा तितका मोठा प्रश्न नाही. एका क्षेत्रातली श्रीमंती दुसऱ्या क्षेत्रात शिरते तेव्हा अन्याय होतो. पैशाने गाडी घ्या, चालेल. पैशाने निकाल, मत किंवा देवाची कृपा विकत घेता कामा नये. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण खोलीची खिडकी कुठल्या क्षेत्रात मोडते? ती गाडीसारखी वस्तू आहे की कृपेसारखी? मी कृपा विकत घेतली नाही, हे नक्की. मी अम्मीच्या गुडघ्यांसाठी कमी पावलं विकत घेतली. पण मग सिटी व्ह्यू का नाही घेतला? इमारत तीच, पावलं तेवढीच. वरचे पैसे नजरेसाठी होते.

मला वाटलं होतं हा आजकालचा, मॉलच्या काळातला प्रश्न आहे. तसं नाही. तो जवळजवळ इस्लामइतकाच जुना आहे. कुरआनच्या सूरह हजमध्ये एक आयत आहे. त्या पवित्र मशिदीवर तिथे राहणाऱ्याचा आणि बाहेरून येणाऱ्याचा सारखाच हक्क आहे, असा तिचा आशय. आता 'मशीद' म्हणजे फक्त मशीद की सगळं मक्का शहर? सगळं शहर असेल तर तिथली घरं भाड्याने देता येतील का? खलिफा उमर यांच्याबद्दल असं नोंदवलंय की हजच्या दिवसांत घरांना दारं लावू नका, येणाऱ्याला हवं तिथे उतरू द्या, असं त्यांनी मक्केच्या लोकांना सांगितलं होतं. इमाम अबू हनीफांना हजच्या दिवसांत मक्केत घरभाडं घेणं नापसंत होतं. इमाम शाफईंना त्यात काही गैर वाटत नव्हतं.

यावर शाफई आणि इस्हाक इब्न राहवैह यांच्यात मक्केतच झालेला एक वाद प्रसिद्ध आहे. बाराशे वर्षं झाली त्याला. भाडं घेऊ नये म्हणणाऱ्या जुन्या विद्वानांची नावं इस्हाक सांगत राहिले. शाफईंनी वेगळाच मार्ग घेतला. मक्केतून हाकलल्या गेलेल्यांना कुरआन 'आपल्या घरांतून' हाकलले गेलेले म्हणतो, म्हणजे घरं त्यांची होती. खुद्द उमर यांनी तुरुंगासाठी मक्केत एक घर विकत घेतलं होतं. मालकीच नसती तर विकत कुणाकडून घेतलं? बहुतेक नोंदींनुसार इस्हाक निरुत्तर झाले.

मला शाफईंचा युक्तिवाद पटतो, एखाद्या चांगल्या कोड रिव्ह्यूसारखा. पण मन इस्हाकच्या बाजूला राहतं. (गंमत म्हणजे कोकणातले मुसलमान शाफई, आणि आम्ही देशावरचे हनफी. मी मिरजेचा. तेव्हा माझं मन निदान घराण्याच्या परंपरेला धरून आहे.) दाराला कुलूप लावण्याचा हक्क मालकाला आहे हे सिद्ध करता येतं. त्याने ते उघडं ठेवावं ही इच्छा सिद्ध करता येत नाही, फक्त व्यक्त करता येते.

इंजिनिअर म्हणून मला मनोऱ्याची बाजूही मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. काब्याभोवतालची जागा वाढवता येत नाही. वर्तुळाचा परीघ त्रिज्येबरोबर वाढतो, हे सातवीचं गणित तिथे पायांना कळतं. अगदी आतल्या कड्यात सात फेरे वीस मिनिटांत होतात. तेच सात फेरे गच्चीवरून घालायचे तर तास-दीड तास जातो. जमीन तेवढीच असेल तर जास्त माणसांना जवळ ठेवायचा एकच मार्ग आहे, वर जाणं. बैठी घरं ठेवली असती तर तेवढ्याच जागेत किती जण मावले असते? एका अर्थाने हा मनोरा जवळिकीची टंचाई कमी करतो.

दुसरं म्हणजे हा मनोरा कुणा उद्योगपतीची खाजगी मालमत्ता नाही. तो वक्फ आहे. राजा अब्दुल अझीझ यांच्या नावाचा वक्फ, आणि त्याचं उत्पन्न हरमसाठी असावं असा हेतू. म्हणजे मी दिलेले जादा पैसे, कागदोपत्री तरी, त्याच मशिदीकडे वळतात जिथे मी फुकट नमाज पढलो.

पण त्यासाठी काय पाडलं तेही सांगितलं पाहिजे. इथे एक टेकडी होती आणि तिच्यावर अठराव्या शतकातला अजयादचा किल्ला होता, उस्मानी तुर्कांनी बांधलेला. २००२ साली किल्ला पाडला आणि टेकडीही सपाट केली. तुर्कस्तानने जाहीर निषेध केला. आम्हा महाराष्ट्रातल्या माणसांना किल्ला पाडणं म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगायला नको. मी एकविसाव्या शतकात मिरजेहून गेलेला माणूस, माझी खोली बहुधा त्या टेकडीच्या माथ्यापेक्षाही वर होती.

खोलीत शिरल्यावर पडदा मी सरकवला. खाली पांढऱ्या फरशीवर काळा ठोकळा, काडेपेटीएवढा, आणि त्याच्याभोवती दुधासारखं काहीतरी सावकाश फिरत होतं. ती माणसं होती. अम्मी खिडकीशी उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. खरं सांगायचं तर मी रडण्याची वाट बघत होतो, तिच्या किंवा माझ्या. ती म्हणाली, "एसी जरा कमी कर." मग वुझू केली, नमाज पढली, गुडघ्याला तेल लावलं आणि आडवी झाली. गाढ झोपली. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती.

माझ्या अपराधी भावनेची जरा फजितीच झाली. मी ठरवून ठेवलं होतं की अम्मीला ही खोली डोळ्यात खुपेल, ती काहीतरी साधं आणि खोल बोलेल, आणि ते मला आयुष्यभर पुरेल. तिला खोली आवडली. बाथरूम स्वच्छ होतं, लिफ्टपासून जवळ होतं. गरिबांच्या वतीने तिला कसलाही त्रास झाला नाही. असा त्रास व्हायलासुद्धा बहुतेक माझ्यासारखी नोकरी लागते.

संध्याकाळी तिने विचारलं, "कित्ते पैसे गए रे इसके?"

एका रात्रीचा दर माझ्या पुण्याच्या फ्लॅटच्या दीड महिन्याच्या भाड्याएवढा होता. मी म्हणालो, "पॅकेजमध्येच होतं, अम्मी. ऑफर होती."

काब्याकडे तोंड असलेल्या खिडकीत उभं राहून मी खोटं बोललो. त्या रात्री मला जे टोचत होतं ते मनोऱ्याची उंची नव्हती, किल्ला नव्हता, वॉल्झर नव्हता. ते हे वाक्य होतं. किंमत योग्य असती तर मी ती सांगितली असती. निदान चाचणी म्हणून हे मला बरं वाटतं: ज्या माणसासाठी मी खर्च करतोय त्यालाच मी आकडा सांगू शकत नसेन, तर आकड्यात काहीतरी गडबड आहे. किंवा माझ्यात.

दुसऱ्या दिवशी तवाफला खालच्या पातळीवर जायला गेलो तर शिपायाने अडवलं. गर्दीच्या वेळी काब्याच्या अगदी जवळच्या अंगणात पुरुषांना एहरामशिवाय सोडत नाहीत. ज्यांचा उमराह चालू आहे त्यांना प्राधान्य, नियम चांगला आहे. पण बाजूलाच तीन-चार जण उमराह चालू नसताना नुसता एहराम गुंडाळून आत शिरत होते. आत जायनमाज पसरून जागा धरणारेही होते. अब्बांची आठवण झाली. कुठलाही नियम करा, रुमाल टाकणारा येतोच. पैशाचा नियम निदान ढोंग करत नाही, असं मला क्षणभर वाटलं. मग वाटलं, हा विचार मला आत्ताच का सुचावा?

दुपारी झोहरनंतर अम्मी अंगणात सावलीला बसली होती. मी झमझमचं पाणी घेऊन आलो तर तिच्याशेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या आणि दोघींचं आमच्या त्या मराठी-दखनीत जोरात चाललं होतं. त्या उदगीरच्या निघाल्या. टूरवाल्याने त्यांना जे हॉटेल दिलं होतं ते बरंच लांब होतं. बस सकाळी सोडायची आणि रात्री इशानंतर न्यायची. मधला सगळा दिवस त्या अंगणात काढायच्या. पाय सुजले होते.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला ठाऊक नव्हती. त्यांच्या सासूबाई हजला आल्या तेव्हा रुबातमध्ये राहिल्या होत्या, फुकट. हैदराबादच्या निजामांनी आपल्या राज्यातल्या हाजींसाठी मक्केत घरं बांधून वक्फ केली होती, त्यांना रुबात म्हणतात. जुन्या निजाम राज्यातल्या लोकांना, म्हणजे मराठवाड्यातल्यांनाही, आजही हजच्या वेळी तिथे जागा मिळू शकते, आणि तीही चिठ्ठ्या काढूनच. त्यातल्या बऱ्याच इमारती हरमच्या विस्तारात गेल्या. मी मान वर करून घड्याळाकडे बघितलं. तोही वक्फ, हाही वक्फ. एक जवळिकीचे पैसे घेऊन मशिदीला देतो. दुसरा म्हणायचा, उदगीरहून आलास ना, मग ये, झोप. हिशेबात पहिलाच मोठा ठरेल, त्याने कितीतरी जास्त माणसांची सोय केली असेल. तरी त्या बाईंच्या सुजलेल्या पायांचं उत्तर दुसऱ्याकडे होतं.

अम्मीने मला विचारलंही नाही. "चला आपा, वर चला, जरा पाय पसरा," म्हणून उठलीच. त्यांना हाताला धरून मॉलमधून घेऊन निघाली, मी मागे पिशव्या घेऊन. मला एकच काळजी. हॉटेलच्या लिफ्टपाशी गार्ड असतो, खोलीचं कार्ड बघतो. कार्डं दोनच होती आणि माणसं तीन. पाहुणे आणायला परवानगी आहे का ते मी वाचलं नव्हतं.

गार्डने हात आडवा केला. बोटं दाखवून विचारलं, तिसऱ्या कोण?

अम्मी शांतपणे म्हणाली, "बहन है मेरी."

आयुष्यात मी तिला खोटं बोलताना क्वचितच बघितलंय. इथे, या शहरात, ती डोळ्याला डोळा भिडवून बोलली. आणि गार्ड, जो बहुतेक बंगाली होता आणि ज्याला हे कळलं असणारच, त्याने हात खाली घेतला. मी माझं कार्ड त्या बाईंच्या हातात दिलं आणि मागेच थांबलो. खोली एक, पलंग दोन.

मग करायला काही नव्हतं. मॉलमध्ये फिरलो. किंमत विचारायची हिंमत होणार नाही अशी घड्याळं बघितली. असरची अजान झाली तेव्हा मी वरच्या मजल्यावर फूड कोर्टजवळ होतो. दुकानांची शटरं खाली आली, मॉलच्या बोळातच रांगा उभ्या राहिल्या, कुणीतरी पुठ्ठा अंथरला. माझ्या डावीकडे बर्गरच्या दुकानातला पोरगा होता, टोपी आणि ॲप्रनसकट. उजवीकडे सोन्याच्या घड्याळाचा एक गृहस्थ. काबा तिथून कुणालाच दिसत नव्हता. इमामाचा आवाज छतातल्या स्पीकरमधून येत होता आणि तळणाचा वास सगळीकडे होता.

सलाम फिरवला तर फोन थरथरला. अम्मी.

"वर येऊ नकोस आत्ताच," ती कुजबुजली. "त्यांना झोप लागलीय. तुझ्या पलंगावर."

"बरं," मी म्हणालो.

"आणि ऐक. त्या विचारत होत्या, खोलीचे किती पडले म्हणून."

"काय सांगितलंस?"

"पॅकेजमध्ये होतं म्हणून सांगितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.